पडली का?

कळंबला धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत एक वीस खाटांचा दवाखाना आहे. पाटीवर नाव डॉक्टर अमरसिंहांचं, पण आत चालतं ते क्षमा सिस्टरचं. हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. क्षमा ओव्हाळ पन्नाशीला टेकलेल्या. बांधा लहानसा, आवाज मोठा. ऑपरेशन थिएटरच्या दारात त्या उभ्या राहिल्या की पेशंटबरोबर आलेली दहा-बारा माणसं न सांगता दोन पावलं मागं सरतात. नाकावर माशी बसू देत नाहीत अशी त्यांची ख्याती, आणि ती काही त्यांना फुकट मिळालेली नाही.

त्यांचं माहेर अणदूर. वडील नानासाहेब सरकारी दवाखान्यात शिपाई होते. तो काचेच्या सिरिंजांचा काळ. सिरिंजा आणि सुया पातेल्यात घालून स्टोव्हवर उकळायचं काम नानासाहेबांकडं होतं, आणि शाळा सुटली की क्षमा तिथं स्टुलावर बसून बुडबुडे बघायची. पाणी खदखदा उकळल्यावर घड्याळात पुरी वीस मिनिटं होईपर्यंत नानासाहेब पातेल्यापाशीच उभे राहायचे. खुद्द मोठ्या डॉक्टरांनी हाक मारली तरी हलायचे नाहीत. आई चांगुणा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, पण पोरीच्या हातात खुरपं द्यायचं नाही यावर नवरा-बायकोचं एकमत होतं. पोरगी नर्सिंगला गेली, पांढरा ड्रेस घालून पहिल्यांदा घरी आली, तेव्हा चांगुणानं साऱ्या वस्तीला चहा पाजला. कळंबच्या या दवाखान्यात क्षमाबाई लागल्या त्याला आता चोवीस वर्षं झाली.

दवाखान्यात बाळंतपणं होतात, हर्निया, गर्भपिशवी, मुतखडे सगळं होतं. पण आसपासच्या गावांत दवाखान्याचं नाव झालं ते तान्ह्या बाळांच्या सुंतेसाठी. पूर्वी पोरगं चार-पाच वर्षांचं झालं की घरी हज्जाम यायचा. वस्तरा, थोडी राख, तोंडात साखर, आणि चार काका पोराला धरून. पोरगं जन्मभर त्या हज्जामाला बघून रस्ता बदलायचं. मग हळूहळू लोक सात-आठ दिवसांचं बाळच दवाखान्यात आणू लागले. एवढ्याशा बाळाला पकडायला काका लागत नाहीत, जखम लवकर भरते आणि पुढं त्याच्या काही लक्षातही राहत नाही.

सुरुवातीला डॉक्टर लोखंडी चाप वापरायचे. चार भागांचं ते हत्यार: खाली भोकाची पट्टी, वर आकड्याचा दांडा, आवळायची चाकी आणि आत बसवायची इवलीशी टोपी. असे दोन चाप होते, एक लहान, एक मोठा. क्षमाबाईंनी पहिल्याच दिवशी एकाच्या भागांना लाल दोरा बांधला, दुसऱ्याच्या भागांना निळा, आणि सगळ्यांना बजावलं की ह्यांची सरमिसळ केली तर माझ्याशी गाठ आहे. कारण या चापाची एक खोड आहे. एकाची टोपी दुसऱ्याच्या पट्टीत बसल्यासारखी दिसते, पण दाब नीट धरत नाही, आणि मग रक्त थांबायचं नाव घेत नाही. बारा वर्षं ते चाप वापरात होते, एकदाही लाल निळ्यात गेला नाही.

मग प्लास्टिकची रिंग आली. तीही आधी दांडी असलेली टोपीच. बाळाची तेवढी जागा बधिर करायची, टोपी कातडीच्या आतून बसवायची, वरून खाचेत दोरा घट्ट बांधायचा, पुढची कातडी कापायची आणि दांडी कट्कन मोडून टाकायची. मागं उरते नुसती कडी. टाका नाही, पट्टी नाही. आठवड्याभरात दोऱ्यापुढची कातडी वाळते आणि तिच्यासकट कडी आपोआप गळून पडते. या कड्यांची मापं असतात, एक-एक, एक-दोन, एक-तीन अशी. माप मोठं झालं तर कडी मागं सरकते, लहान झालं तर रुतते. मोजायची पट्टी असते, डॉक्टर ती लावतातही, पण त्याआधीच क्षमाबाईंनी नेमकं माप ट्रेमध्ये काढून ठेवलेलं असतं. यात त्यांचा हात कुणी धरत नाही. आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, तो त्या लपवतही नाहीत.

कडी पडली की नाही हे विचारायला आठव्या दिवशी घरी फोन करायचा, ही पद्धतही त्यांचीच. डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य होतं, "रिंग पडली का?" पण या वाक्यानं क्षमाबाईंचा जीव खाल्ला. पलीकडून उत्तर यायचं, "रिंग आली की बाई, म्हून तर उचलला फोन." ढोकीचे एक आजोबा तर म्हणाले, "रिंग आलती, पण चार्जिंग न्हवतं." समजावून सांगण्यात अर्धा तास जायचा आणि इकडं वॉर्डात सलाइन संपायचं. शेवटी क्षमाबाईंनी ती रिंगच काढून टाकली. "कळंबहून सिस्टर बोलतेय. पडली का?" एवढंच विचारायच्या. लोक म्हणायचे, "पडली." त्या वहीत लिहायच्या, पडली. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

चैत्राच्या सुरुवातीला येरमाळ्याहून मदिनाबी मणियार आपला नातू घेऊन आल्या. येडेश्वरीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बांगड्यांचं दुकान. मुलगा अफसर माल आणतो, पण बायकांच्या हातात बांगड्या भरायला मदिनाबीच बसतात. सून तरन्नुमला लग्नानंतर नऊ वर्षांनी मूल झालं होतं. नऊ वर्षांत तिनं काय काय ऐकून घेतलं असेल ते तिच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं, आणि आता ती मान त्या बाळावरून हलत नव्हती. सातव्या दिवशी नाव ठेवलं होतं जुनैद. त्याच दिवशी खतना करायचा म्हणून सगळे आले होते.

क्षमाबाईंनी समजावून सांगण्यासाठी एक कडी हातावर ठेवली. मदिनाबींनी ती उचलून उजेडात धरली.

"ही तर बाहुलीची बांगडी हाय बाई. नंबर किती?"

"एक-तीन."

"आमचं दोन-दोनपासनं सुरू." मग त्यांनी क्षमाबाईंच्या हाताकडं नुसतं पाहिलं. "तुमाला दोन-सहा लागंल. पण डाव्या हाताला दोन-चार बी चढंल."

क्षमाबाई चकित झाल्या, कारण ते खरं होतं. नजरेनं माप घेणारी बाई त्यांना आपल्याखेरीज दुसरी भेटली नव्हती. त्या खुर्ची ओढून बसल्या, जे त्या कुणासाठी करत नाहीत, आणि म्हणाल्या, "हे बघा आजी, आठेक दिवसांत ही आपोआप पडंल. ओढायची न्हाय, हलवायची न्हाय."

"पडंल म्हणू नका बाई," मदिनाबी म्हणाल्या. "आमच्या धंद्यात बांगडीला पडली, फुटली म्हणत न्हाईत. गिऱ्हाईक देवीला आलेलं असतंय, सवाशिणी असतेत, त्यांच्या काळजाला लागतंय. फुटली तर वाढली म्हणायचं, काढली तर उतरली म्हणायचं. ही बी उतरंल म्हणा."

"बरं, उतरंल."

"हौ. आता कसं!"

दोघी हसल्या. जुनैदची सुंता वीस मिनिटांत झाली. तो इंजेक्शनला रडला, बाकी साखरेचं बोट चोखत पडून राहिला. जाताना क्षमाबाईंनी नेहमीचं सांगितलं, की दहा दिवसांत नाही निघाली तर इकडं घेऊन या, आणि आठव्या दिवशी मी फोन करीन.

आठव्या दिवशी त्यांनी फोन केला. एका हातात कुणाचा तरी एक्स-रे होता.

"कळंबहून सिस्टर बोलतेय. पडली का?"

"पडली बाई," मदिनाबी खुशीत म्हणाल्या. "काल सांजंला पडली. पार वाळून गेलती. अंगणात पुरली बी मी."

"लेकरू बरं हाय?"

"झ्याक हाय."

"मग झालं. आता काळजी न्हाय, इकडं यायची बी गरज न्हाय."

क्षमाबाईंनी वहीत लिहिलं, पडली. आणि एक्स-रे घेऊन डॉक्टरांकडं गेल्या.

त्यानंतर तीन दिवसांनी दुपारची गोष्ट. अयोध्या नावाच्या एका बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. टेबलावर घ्यायच्या आधी हातातल्या बांगड्या काढाव्या लागतात, म्हणून क्षमाबाई साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी सरकवत होत्या. हिरवा चुडा, हात सुजलेला. एक बांगडी चटकली.

"फुटली बघ एक," क्षमाबाई म्हणाल्या.

शेजारी अयोध्याची सासू धुरपदाबाई उभी होती. ती चटका बसल्यागत पुढं आली. "सिस्टर, वाढली म्हणा! ऑपरेशनला चाललीय माझी सून, आन तुमी काय बोलताव!"

"वाढली, वाढली," क्षमाबाई म्हणाल्या, आणि त्यांना मदिनाबींची आठवण होऊन हसू आलं. मग साबणाचा हात तसाच हवेत राहिला.

मदिनाबी पडली म्हणाल्या होत्या.

जिनं दवाखान्यात बसून, कडीला पडली म्हणू नका म्हणून सिस्टरची शिकवणी घेतली, ती बाई फोनवर दोन-दोनदा पडली म्हणाली होती. उतरली म्हणाली नव्हती. मग पडलं काय? पंधरा दिवसांच्या बाळाचं काय वाळतं, काय गळून पडतं आणि आजी ते अंगणात कशाला पुरते? क्षमाबाईंनी चोवीस वर्षांत शेकडो आयांना सांगितलं होतं, की नाळ ओढू नका, वाळली की आपोआप पडेल. अगदी ह्याच शब्दांत.

साबणाचा हात पुसून त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

डॉक्टर अमरसिंहांनी ऐकून घेतलं आणि वही उघडली. "सिस्टर, पडली म्हणून लिहिलंय की. अक्षर तर तुमचंच आहे."

"अक्षर माझंच आहे सर. पण डोळ्यानं बघून लिहिलेलं नाही."

"मग फोन लावा."

त्यांनी सहा वेळा लावला. येरमाळ्यात चैत्री यात्रा होती, लाखभर माणूस गोळा झालेला, एकाचाही फोन लागत नव्हता.

"मी जाऊन येते," क्षमाबाई म्हणाल्या. "टेबलाला सोनाली सिस्टर उभी राहील. सगळं मांडून ठेवलंय."

"तुमचा अंदाज चुकीचा निघाला तर?"

"तर देवळाला हात जोडायला गेले होते म्हणून सांगेन," त्या म्हणाल्या आणि स्कूटीची किल्ली घेऊन बाहेर पडल्या. देवळाची पायरी त्या कधी चढत नाहीत हे डॉक्टरांना माहीत होतं.

उन्हाचा नुसता कहर होता. रस्त्यानं यात्रेची वाहनं चालली होती. टेम्पोत बायका, बायकांच्या कपाळांवर हळद, मागं भोंगा. क्षमाबाई डोक्याला ओढणी गुंडाळून कडेकडेनं स्कूटी हाकत होत्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ही भीती त्यांना नवी होती. डॉक्टर चुकतील, कारखान्याचा माल खराब येईल, घरचे लोक ऐकणार नाहीत, या सगळ्याची भीती त्यांनी अनेकदा घेतली होती आणि तिच्यावर उपायही शोधून ठेवले होते. आपल्या तोंडून निघालेल्या दोन शब्दांची भीती त्यांनी कधी घेतली नव्हती. यायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. सिस्टर म्हणाली म्हणजे झालं, असं मानणारी माणसं होती ती. तसं मानायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

येरमाळ्याच्या अलीकडं गाड्या तुंबल्या होत्या. त्यांनी स्कूटी एका पंक्चरवाल्याच्या दारात लावली आणि गर्दीतून वाट काढत निघाल्या. दुकानापुढं बायकांची झुंबड होती. मदिनाबी एकीचा पंजा दाबून चुडा चढवत होत्या.

"आजी, त्या दिवशी पडली म्हणलात. काय पडली?"

मदिनाबींनी वर पाहिलं. सिस्टर इथं, ते पण यात्रेत, घामानं निथळत. "अगं बाई, तुमी! काय पडली म्हंजे? नाळ की. दुसरं काय पडतंय लेकराचं?"

"आन बांगडी?"

"बांगडी हाय की जाग्यावर. न्हाय उतरली अजून." मग सिस्टरच्या चेहऱ्याकडं बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "आमी यायलोच व्हतो, दहा दिस झाले म्हून. पण तुमीच म्हणलाव, काळजी न्हाय, यायची गरज न्हाय. मला वाटलं, ऱ्हात असंल आणखी काही दिस."

मदिनाबींनी गिऱ्हाइकाचा हात सोडला आणि आत बघून हाक मारली, "तरन्नुम, बच्चे कू लेको आ गे!"

तरन्नुम बाळाला घेऊन आली. बाळ रडत नव्हतं, नुसतं कुंथत होतं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट असतं हे क्षमाबाईंना पक्कं ठाऊक होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी लंगोट सोडलं. लंगोट कोरडं होतं. कडी मागं सरकून बसली होती आणि तिच्या पुढचा भाग सुजून टरटरीत झाला होता.

"लंगोट कवा बदललं?"

"सकाळी," तरन्नुम म्हणाली. "तवापासनं ओलंच न्हाय केलं त्यानं. मी अम्मीला म्हणत होते, पण सिस्टरनं सांगितलंय म्हणल्यावर..." मदिनाबींनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला, म्याच म्हणलं, काय होत न्हाय म्हून. नऊ वर्सांनी दिलंय लेकरू, आन म्या..."

"आजी, थांबा," क्षमाबाई म्हणाल्या. "तुमी न्हाय चुकलात. म्या चुकले. म्या तुमाला काय पडली ते इचारलंच न्हाय. आता रडत बसायचं न्हाय, लेकराला घ्या आन चला. कळंबला पोचलं की कडी कापायची, सूज उतरती. मी हाय संगं."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मदिनाबींनी त्या क्षणी पदरानं डोळे पुसले आणि चपला शोधायला लागल्या.

अफसर मोटारसायकल काढतो म्हणाला. त्या उन्हात, त्या खड्ड्यांतून पंधरा-अठरा दिवसांचं बाळ मोटारसायकलवर न्यायला क्षमाबाई तयार होईनात. त्या सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि कळंबकडं परतणाऱ्या एका जीपला हात केला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत. जीपमध्ये दर्शन करून निघालेल्या आठ-नऊ बायका होत्या.

"लेकराची लघवी तुंबलीय. दवाखान्यात न्यायचंय. कोण उतरतंय?"

कुणी काही विचारलं नाही. तीन बायका हातातली परडी सावरत खाली उतरल्या, एक म्हातारी आपल्या जागेवर पदर झटकून म्हणाली, "इथं बस गं पोरी, इथं धक्का लागत न्हाय." तरन्नुम बसली. तिच्या शेजारी मदिनाबी, समोर क्षमाबाई. अफसर क्षमाबाईंची स्कूटी घेऊन मागून आला. गर्दीतून बाहेर पडल्यावर फोन लागला.

"सर, अंदाज बरोबर होता. चुकीचा असता तर बरं झालं असतं. अयोध्याचं उरकलं की टेबल मोकळं ठेवा, रिंग कापायचा चिमटा आणि खाली सरकवायची बारीक पट्टी उकळायला टाका."

"वीस मिनिटं?"

"पुरी वीस."

दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर अमरसिंह बाळाकडं बघून गंभीर झाले आणि घाबरलेली माणसं जे करतात तेच त्यांनी केलं, समोर जो गरीब दिसेल त्याच्यावर चिडले. "आजी, अहो एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? नाळ कुठं, रिंग कुठं!"

"सर, त्यांना कळलं होतं," क्षमाबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. "त्यांनी खरंच सांगितलं. मीच अर्धं विचारलं आणि पुरं लिहून मोकळी झाले. चिडायचं तर माझ्यावर चिडा, पण आधी कडी कापा."

डॉक्टरांनी बाळाची तेवढी जागा बधिर केली. त्यांनी कडीच्या खालून बारीक पट्टी सरकवली, म्हणजे चिमटा निसटला तरी कातडीला लागू नये. क्षमाबाईंनी दोन बोटांत बाळाला असं धरलं होतं की त्याला हलता येत नव्हतं आणि दुखतही नव्हतं. टक असा आवाज झाला. कडी उलट बाजूनं धरून पुन्हा एकदा टक. दोन तुकडे ट्रेमध्ये पडले.

"झालं," डॉक्टर म्हणाले. पण झालं नव्हतं हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. लघवी व्हायला हवी होती. नाही झाली तर नळी घालावी लागणार होती, आणि एवढ्याशा सुजलेल्या जागी नळी घालणं म्हणजे बाळाचे हाल. नळीनंही नाही जमलं तर सोलापूर. क्षमाबाईंनी कोमट पाण्यात कापूस बुडवून पोटावर ठेवला. तरन्नुमला पाजायला बसवलं. पाच मिनिटं गेली. दहा गेली. मदिनाबी दाराशी उभ्या राहून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. क्षमाबाईंना असं म्हणण्यासारखं काही येत नव्हतं. त्या कापूस बदलत राहिल्या, आणि मनातल्या मनात त्या बाळाची आर्जवं करत राहिल्या, जी त्यांनी आजवर कुणाची केली नव्हती.

सतराव्या मिनिटाला डॉक्टर वाकून बघायला आले आणि जुनैदनं त्यांच्या शर्टाच्या खिशापर्यंत धार मारली.

डॉक्टर तसेच उभे राहिले. खिशात पेन होतं, चिठ्ठ्या होत्या, सगळं भिजलं. धार थांबेना. "मार रे बाळा, मार!" सोनाली थिएटरच्या दारातून ओरडली. तरन्नुम हसता हसता हुंदके द्यायला लागली. मदिनाबी आत आल्या आणि त्यांनी क्षमाबाईंना असं कवटाळलं की क्षमाबाईंची टोपी वाकडी झाली. क्षमाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. सोनालीनं ते पहिल्यांदाच पाहिलं, आणि आपण पाहिलं हे कुणाला सांगितलं नाही.

सूज दोन-तीन दिवसांत उतरेल, जखमेला काही झालेलं नाही, रात्रभर इथं ठेवू, असं डॉक्टरांनी सांगितलं. शर्ट बदलून ते बाहेर आले तेव्हा पाच वाजत आले होते. क्षमाबाई काउंटरवर फोन ओढून बसल्या होत्या. पुढं वही उघडी होती. पडली, पडली, पडली. गेल्या पंधरा दिवसांत त्यांनीच नऊ वेळा लिहिलेलं होतं. जुनैदच्या नावापुढचं त्यांनी खोडलं होतं. बाकी आठ.

"सिस्टर, आता घरी जा," डॉक्टर म्हणाले. "सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. काही असतं तर ते लोक आले असते."

"मी येऊ नका म्हणून सांगितलंय सर त्यांना."

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि तेही शेजारी बसले.

क्षमाबाईंनी पहिला नंबर लावला. या वेळी त्यांनी घाई केली नाही. "कळंबहून क्षमा सिस्टर बोलतेय. नाळेचं न्हाय विचारत. बाळाच्या लघवीच्या जागी आपण प्लास्टिकची कडी बसवली होती. ती कडी गळून तुमच्या हातात आली का?"

आली होती. दुसरीकडंही आली होती, त्यांनी ती डबीत जपून ठेवली होती, परत आणून द्यायची असते असं समजून. तिसरीकडं आजोबांनी फोन घेतला आणि तुमी त्याच गोष्टीसाठी दोनदा का फोन करताव म्हणून जाब विचारला. क्षमाबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं, मग पुन्हा विचारलं आणि उत्तर मिळाल्यावरच फोन ठेवला. चौथं, पाचवं, सहावं. प्रत्येक उत्तराला त्या वहीत बरोबरची खूण करत होत्या. डॉक्टरांनी सोनालीला चहा सांगितला. सातवं घरही नीट निघालं.

आठवं घर शिराढोणचं होतं. फोन बाळाच्या आईनं उचलला. क्षमाबाईंनी तोच प्रश्न तसाच, शब्द न् शब्द विचारला.



"न्हाय आली," ती पोरगी म्हणाली. "मागं तुमी इचारलं तवा नाळ पडली व्हती, म्हून पडली म्हणलं. कडी हाय की अजून. मला तवाच इचारायचं व्हतं, पण तुमी फोन ठिवला."

क्षमाबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "लंगोट ओलं होतंय का?"

"हौ. आत्ताच बदललं."

"सूज?"

"थोडी हाय."

"मग घाबरायचं काय बी कारण न्हाय," क्षमाबाई म्हणाल्या. त्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं, आणि डॉक्टर उठून थिएटरकडं निघाले. "पण आत्ताच निघा. चूक माझी हाय, तुमची न्हाय. मी इथंच बसलेय, तुमी येईपर्यंत हलत न्हाय."